मागच्या सीटवरचा वास

बाईनं आमटीत मीठ घालणं सोडून दिलं होतं, हे आम्हाला एका पाहुण्यानं सांगितलं. बाई म्हणजे माझी आई. आमच्या घरात आईला बाईच म्हणत. आणि पाहुणा म्हणजे माझ्या वहिनीचा भाऊ रामकिसन. तो बहिणीची खुशाली घ्यायला दिंद्रुडहून आला होता. पुरुष जेवायला बसले, मी वाढत होते. रामकिसननं येसराच्या आमटीत भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, थोडा वेळ ताटाकडे बघत बसला आणि मग मान वर न करता म्हणाला, "ताई, जरा मीठ मिळंल का?" मी मीठ आणून ठेवलं. त्यानं चिमूटभर घेतलं. माझे वडील आण्णा, त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आमटीचा एक भुरका मारला, आणि त्यांनीही चिमूटभर घेतलं. मग नाना, म्हणजे चुलते, त्यांनी घेतलं. "कधीपासून असं हाय?" आण्णांनी विचारलं. चुलीपुढून बाई म्हणाली, "काय की." तिला खरंच माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. दोन्ही वेळेला सगळे जेवत होतो, ताटं घासायला पडत होती, आणि अळणी खातोय हे घरातल्या एकाही जिभेला कळलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ विलासदादा त्या श्रावणात गेला होता. मांजरसुंब्याच्या अलीकडे, मोटारसायकलवर, समोरून ट्रक. याहून जास्त मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही आणि आता लिहायला बसले तरी सांगण्यासारखं काही सापडत नाही. आता तिथून मोठा रस्ता गेलाय, गाड्या सुसाट पळतात, ढाब्यांच्या पाट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. बीडला जाताना आमची गाडी तिथे चहाला थांबते. मी उतरते, चहा घेते, पैसे देते, परत बसते. बरोबरच्यांना वाटतं मी काही तरी मनात धरून आहे. मनात काही नसतं. चहा गोड आहे की नाही एवढंच असतं.

तेव्हाही तसंच होतं. लोक म्हणायचे, पोरगी फार धीराची आहे. धीर कसला! मला काही वाटतच नव्हतं. सकाळी अंगण झाडायचं, म्हशीचं दूध आल्यावर गाळून ठेवायचं, दुपारी धान्य निवडायचं, आणि निवडता निवडता हात थांबला की तो का थांबला हे आठवायचा प्रयत्न करायचा. बारावी होऊन मी घरी बसले होते. पुढं शिकवायचं की लग्न करायचं हा विषय दादाबरोबरच गेला, मागे कुणी काढला नाही. आण्णा पंचायत समितीतले मोठे कार्यकर्ते. त्यांच्याकडे पूर्वी दिवसभर माणसांची ये-जा असायची. माणसं अजूनही यायची, ओट्यावर बसायची, चहा प्यायची, आणि आण्णा त्यांच्याकडे बघत तपकीर ओढत राहायचे. दिवाळी झाली तशी निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून गेली. ट्रकांवर भांडी, कोंबड्या, लेकरं चढली, गलका झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव इतका शांत झाला की पलीकडच्या आळीतल्या गिरणीचा पुकपुक आवाज आमच्या माजघरात ऐकू यायचा. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारी बैलगाडी गेली की तेवढी घुंगरं वाजायची. बाकी काही नाही.

घरात जागं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे शालनवहिनी. तिला दिवस गेलेले होते. दादा गेला तेव्हा तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं. दहाव्याच्या दिवशी ती परसात ओकत होती तेव्हा शेजारच्या म्हातारीनं ओळखलं. तिचं नाक त्या दिवसांत विलक्षण तिखट झालं होतं. दूध उतू जायच्या आधी तिला ओसरीवर कळायचं. गोठ्यातल्या कुठल्या कोपऱ्यात मांजरीनं घाण केली ते ती सांगायची. पाहुणा दारात यायच्या आधीच ती पदर नाकाला लावून आत जायची, आणि खरोखरच तो पाहुणा कांदा खाऊन आलेला असायचा. बाकी आमच्या घरात नाकांचा आनंदच होता. आण्णांचं नाक तपकिरीनं गेलेलं, नानांचं बिडीनं. बाई दिवसातून दोनदा मिश्री लावायची, आणि वर म्हणायची, "मला आता कशाचाच वास येत न्हाई बघ. चांगलाबी न्हाई न् वाईटबी न्हाई."

आमच्याकडे एक पांढरी मोटार होती. आण्णांनी निवडणुकीच्या वेळी लातूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. चालवायचा दादाच. तिचं सगळं तोच बघायचा. मी बाजूला उभी राहून पाना दे, पकड दे, टॉर्च धर, एवढं करायचे, त्यामुळे तिच्या पोटात काय कुठं आहे ते मला थोडंफार ठाऊक होतं. दादा गेल्यावर ती शेडमध्ये ताडपत्री टाकून उभी होती. तिच्याकडे कुणी गेलं नाही. वहिनीला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा नानांनी ताडपत्री काढली, बॅटरी चार्ज करून आणली, टाकी भरली, आणि आम्ही निघालो. पुढं नाना आणि आण्णा, मागं आम्ही तिघी बायका. पुढच्यांच्या काचा खाली, आमच्या वर; धूळ नको म्हणून, आणि आण्णांना गावातून जाताना बायकांच्या काचा वरच लागत म्हणूनही.

गावाबाहेरचं वळण ओलांडलं आणि वहिनी म्हणाली, "कसला वास येतोय हा?"

थोडं पुढं गेल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. नानांनी गाडी थांबवली, ती बाभळीखाली जाऊन ओकली, परत येऊन बसली, पुन्हा वळण आलं, पुन्हा तेच. नाना स्टिअरिंगवर बिडी झटकत म्हणाले, "दिवस गेलेल्या बाईला कशाचाबी वास येतोय."

"मलाबी येतोय थोडा, नाना," मी म्हणाले. "पेट्रोलचा हाय."

"पेट्रोलवर चालती गाडी, पेट्रोलचाच येणार. अत्तराचा येईल का?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण कडक. वहिनीचं वजन वाढायच्या जागी उतरलंय म्हणाल्या, डोकं का दुखतं विचारलं, आणि दर महिन्याला आणायचं असं बजावलं. परतीच्या वाटेवर वहिनी सगळा रस्ता पदर तोंडात धरून बसली. घरी आल्यावर दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. पुढच्या महिन्यातही तेच झालं. गाडीत बसायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून तिचा चेहरा उतरायचा, आणि बाईचा चेहरा ते बघून आणखी बंद व्हायचा. मला दिसत होतं की बाईनं आपल्या मनाशी काही तरी ठरवून टाकलं आहे.

वासाचा शोध अगदीच घेतला नाही असं नाही. आण्णांनी एकदा डिक्की उघडायला लावली. आत दादानं ठेवलेला पत्र्याचा डबा निघाला, तळाशी थोडं पेट्रोल असलेला, झाकण सैल. "हे घ्या, सापडलं," नाना म्हणाले. डबा काढला, डिक्की धुतली, उन्हात उघडी ठेवली. पुढच्या फेरीला वास होताच. मग गाडी केजला कादरभाईंकडे नेली. त्यांचं गॅरेज म्हणजे लिंबाखालचं एक पत्र्याचं शेड, पण आसपासच्या गाड्या त्यांच्याच हातातल्या. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं, कार्बोरेटरचं पॅकिंग ओलं निघालं ते बदललं, पुढच्या नळीची क्लिप आवळली, नानांना शेजारी बसवून काचा खाली करून एक चक्कर मारली. "आता सांगा, कुठं हाय वास?" नाना म्हणाले, न्हाई. आणि खरंच, त्यानंतर काही दिवस वास आला नाही. वहिनी एकदा वडगावपर्यंत जाऊन आली, काही झालं नाही. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

सातवा लागला तेव्हा रामकिसन तिला माहेरी न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात वाद नव्हता. डोहाळजेवणाचं नाव कुणी काढलं नाही. बाईनं फक्त पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, एका फडक्यात बांधली, आणि वहिनीच्या पिशवीशेजारी ठेवली. लांबचा रस्ता, धारूरचा घाट उतरून जायचं, म्हणून नानांनी आदल्या दिवशी केजला जाऊन टाकी गच्च भरून आणली होती. गाडी दारात उभी राहिली. वहिनीनं मागचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला, आणि तसाच बाहेर घेतला.

"वास हाय," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "आता काय पुन्हा? कादरभाईनं सगळं नवं टाकलंय."

"नवं असंल नाना. पन वास हाय."

रामकिसन मध्ये पडला. "आण्णा, मी एष्टीनं नेतो तिला. केजला बसू, धारूरला बदलू. तिला झेपंल तसं जाऊ."

"भरल्या पोटी एष्टीच्या धक्क्यात?" आण्णा बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलले. "न् लोक काय म्हनतील? पोरगा गेला, तर सुनेला गाडीबी देईनात?"

"लोकांचं काय, आण्णा. बहीण माझी हाय."

"सून आमची हाय!"

ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली होती. आणि तेव्हा बाई बोलली. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. आवाज अजिबात चढवला नव्हता तिनं. "खरं सांग शालन. त्याची गाडी हाय, म्हनून बसंना झालीस का? कावून वासाचं नाव करतीस? सांग तसं. कुनी काय म्हननार न्हाई."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. एरवी सासूपुढं ती मान वर करत नसे. "बाई," ती म्हणाली, "त्यांची गाडी हाय म्हनूनच बसायचंय मला. दुसऱ्या कुटल्या गाडीत बसू? पन वास येतोय. मी खोटं न्हाई बोलत. पोटातलं लेकरू बी खोटं न्हाई बोलत."

बाई आत गेली. आण्णांनी तपकिरीची डबी उघडली, पण चिमूट तशीच बोटांत धरून राहिले. मग रामकिसनला म्हणाले, "दोन दिवस राहा. मग बघू."

दुपारी पुरुष जेवून आडवे झाले. मी भांडी घासत होते. वहिनी मागच्या दारी येऊन उभी राहिली. "वन्सं, चला," ती म्हणाली. "तुमी उघडा, मी हुंगते."

आम्ही शेडमध्ये गेलो. मी दादाची पान्यांची पिशवी काढली. आधी बॉनेट उघडलं. वहिनी वाकू शकत नव्हती. एक हात गाडीवर, एक हात कमरेवर ठेवून तिनं नाक जवळ नेलं आणि मान हलवली. "हितं तेलाचा हाय. पेट्रोलचा लई न्हाई." मग तिनं पुढच्या सीटवर बसून दारं लावून घेतली, थोडा वेळ बसली, उतरली. मग मागच्या सीटवर. तिथून ती लगेच बाहेर आली, पदर नाकाला. "हितं पुढच्यापरीस जास्त हाय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या गाडीत आजवर ज्यांनी ज्यांनी 'वास नाही' म्हटलं ते सगळे पुढं बसले होते, काचा खाली करून. नाना, आण्णा, कादरभाईसुद्धा. मागं बसायचो आम्हीच.

डिक्की उघडून मी काथ्याची चटई ओढून काढली, स्टेपनी लोटून बाजूला केली. वहिनी म्हणाली, "हितंच कुटंतरी." पण कुठं ते कळेना. सगळीकडेच येत होता. तेवढ्यात नाना जागे होऊन आले, कानावरची बिडी काढत. "बायांनो, काय चाललंय?" वहिनी पदर ओढून घेत म्हणाली, "नाना, ती बिडी लांब न्या." नानांनी तिच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि खरोखरच कडब्याच्या गंजीपलीकडे जाऊन उभे राहिले.

फडक्याची युक्ती कुणाची यावर आमचं अजून एकमत नाही. वहिनी आता अंबाजोगाईला लेकीजवळ राहते. माहेरी तिनं बालवाडी चालवली, पोरीला शिकवलं. पोरगी आता स्वतः गाडी चालवते आणि आईला शेजारी बसवून फिरवते. मागच्या आठवड्यात मी फोन करून विचारलं तर वहिनी म्हणाली, "तुमीच म्हनलात, वन्सं, हिंग बांधलेलं फडकं हुंगलं का वेगळं कळतंय तसं." मला आठवतं की ती म्हणाली. असो. आम्ही एक जुनं धोतर फाडलं, स्वच्छ धुतलेलं, पांढरं. त्याच्या पट्ट्या केल्या. जिथं जिथं नळी जोडलेली होती तिथं तिथं एकेक पट्टी गुंडाळली: एक कार्बोरेटरजवळ, एक पंपाजवळ, एक खाली टाकीच्या तोंडाशी, ती मी पाठीवर झोपून बांधली. आणि डिक्कीच्या बाजूला पुठ्ठ्याचं आवरण होतं, त्यामागून पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळा खाली उतरत होता. पुठ्ठा सोडवून त्यालाही एक पट्टी बांधली. गाडी बंद करून ठेवली.

सकाळी दूध गाळायच्या आधीच आम्ही तिथे गेलो. मी एकेक पट्टी सोडून वहिनीच्या हातात द्यायचे, ती हुंगायची आणि खाली ठेवायची. पुढची: काही नाही. पंपाजवळची: तेल. टाकीखालची: धूळ. रबरी नळ्याची पट्टी मी सोडली तेव्हा ती तिच्या हातात जायच्या आधीच माझ्याही नाकाला कळलं. ओली नव्हती. नुसती पिवळसर झाली होती. वहिनीनं ती हुंगली नाही. लांबूनच म्हणाली, "हाच तो."

मी नळा हातानं थोडा वाकवला. वरून धड दिसत होता. वाकवल्यावर त्याच्या पाठीवर बारीक बारीक तडे उघडले, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तसे.

आण्णांनी कादरभाईंना निरोप पाठवला. ते मोटारसायकलवर आले, त्यांनी नळा वाकवून बघितला, बराच वेळ बघितला. "टाकी गच्च भरली का हितनं पाझरतंय," ते म्हणाले. "वळनावर पेट्रोल उसळलं का अजून जास्त. निम्मी झाली का बंद. त्या टायमाला टाकी खाली होती, म्हणून वास गेला. मला वाटलं माझ्या पॅकिंगनं गेला." मग वहिनी उभी होती त्या दिशेला, पण तिच्याकडे न बघता, म्हणाले, "मी मागं बसलोच न्हाई, भाभी."

त्यांनी नानांना हाक मारली. "नाना, तुमी गाडीत बिडी पिता?"

"पितो की."

कादरभाईंनी नानांचा हात धरून तो पुठ्ठ्याच्या मागे घातला, नळ्याखाली पत्र्याला जिथं खोबण होती तिथं. नानांनी हात बाहेर काढला तेव्हा बोटं ओली होती. नाना त्या बोटांकडे बघत राहिले. मागच्या फेऱ्यांना आम्ही तिघी मागं होतो, काचा वर होत्या, आणि ते पुढं बिडी ओढत होते, हे त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. ते हौदावर गेले आणि हात धूत बसले. साबण घेतला, राख घेतली, पुन्हा साबण. त्यानंतर गाडीत त्यांनी बिडी पेटवलेली मी बघितली नाही. त्यांनी तसं बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

टाकी रिकामी करायला दुपार गेली. कादरभाईंनी बॅटरीची वायर काढली, गाडी शेडमधून ढकलून मोकळ्या रानात नेली, रबरी नळीनं पेट्रोल डब्यांत ओढलं, तोंडात आलेलं थुंकलं, बाईनं दिलेल्या ताकानं चूळ भरली. जुना नळा घेऊन ते केजला गेले, तशाच मापाचा नवा आणि दोन क्लिपा घेऊन दुसऱ्या दिवशी आले, बसवला, आवळला. मग टाकी पुन्हा गच्च भरली. "आता उन्हात ठेवा," ते म्हणाले, "सगळ्या काचा लावून. संध्याकाळच्या आत कळंल."

उन्हं कलली तेव्हा आम्ही सगळे गाडीभोवती जमलो. आण्णा, नाना, रामकिसन, कादरभाई, ओट्यावरची दोन-चार माणसं. बाईही आली, थोडी लांब, हातात सूप तसंच. वहिनी मागचं दार उघडून आत बसली आणि तिनं दार लावून घेतलं. काचा वर. आत ती एकटी, बाहेर आम्ही. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. ती श्वास घेत होती, एकदा, पुन्हा एकदा. आणि आम्ही, ज्यांना इतके दिवस मिठाचाही पत्ता नव्हता, तिच्या नाकपुड्यांकडे बघत उभे होतो. मलाही आतून काही तरी कळायला हवं असं वाटत होतं, पण कळत नव्हतं. फक्त मी श्वास धरून ठेवला होता, हे मला नंतर समजलं.

तिनं काच थोडी खाली केली. "न्हाई येत," ती म्हणाली.

कादरभाईंनी हात पुसले. नानांनी "चला" असं काही तरी म्हटलं. पण वहिनी उतरली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून ती बसून राहिली, समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत. तिला उतर म्हणायचं कुणाला सुचेना. माणसं हळूहळू पांगली. तेव्हा बाईनं सूप माझ्याकडे दिलं, गाडीला वळसा घातला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि ती वहिनीशेजारी जाऊन बसली. आत त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. बाहेर आल्यावर बाई आण्णांना म्हणाली, "उद्या मीबी जाते दिंद्रुडला. पोचवून येते." सुनेला पोचवायला सासू जात नसते. आण्णा म्हणाले, "जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं नाना आणि रामकिसन, मागं आम्ही तिघी. वहिनी मध्ये, तिच्या डावीकडे बाई, उजवीकडे मी. थंडी होती, काचा वर होत्या. केज मागे पडलं. ज्वारीला कणसं धरली होती, रस्त्याकडेला पाखरं राखणाऱ्या बाया डबे वाजवत होत्या, तो आवाज काचेतून अर्धवट यायचा. धारूरच्या अलीकडे वहिनीची मान लवंडली. पहिल्यांदा तिनं ती सावरली, मग नाही सावरली. डोकं बाईच्या खांद्यावर पडलं आणि तिला झोप लागली. किती तरी महिन्यांत ती अशी झोपलेली मी बघितली नव्हती, तोंड थोडं उघडं, कपाळावर आठी नाही. घाट लागला. वळणं आली, एकामागून एक. नाना गाडी अगदी जपून काढत होते. प्रत्येक वळणाला मी वहिनीच्या नाकाकडे बघत होते, आणि ती झोपलेलीच होती.

बाई हलली नाही. घाट उतरला, तेलगाव मागं पडलं, दिंद्रुडची पाटी आली, तरी ती तशीच ताठ बसली होती, एका बाजूला किंचित कललेली, सुनेचं डोकं घसरू नये म्हणून उजवा हात पुढच्या सीटच्या पाठीला लावून. दोनदा मी खुणेनं विचारलं, मी घेऊ का इकडं? तिनं मानेनंच नाही म्हटलं.

रामकिसनच्या दारात गाडी थांबली तेव्हा वहिनी जागी झाली, ओशाळून पदर नीट करू लागली. आतून बायका बाहेर आल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी आलं, वहिनीला दोघी-तिघींनी हाताला धरून आत नेलं. बाई गाडीजवळच उभी होती. उजवा हात डाव्या हातानं धरून, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे.

"बाई, काय झालं?"

"हात गेला बघ माझा," ती म्हणाली. "कळंनाच झालं काही. धरला तर धरल्यावानी बी लागंना."

मी तो हात माझ्या हातात घेतला. थंडगार होता, जड होता. दंडापासून खाली बोटांपर्यंत चोळायला लागले. ती बघत होती, माझ्याकडे नाही, हाताकडे. कुठं तरी आत वहिनीची आई मोठ्यानं रडायला लागली होती आणि दुसरी कुणी तिला गप्प करत होती. मी चोळत राहिले. थोड्या वेळानं बाईची बोटं हलली.

"आता मुंग्या याय लागल्या," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम आखडला आणि तिनं दुसऱ्या हातानं माझा खांदा धरला. "दुखतंय गं."

"थांबंल आता, बाई."

"लई दुखतंय, सुमे," ती म्हणाली, आणि गाडीच्या उघड्या दारात, पत्र्याच्या कडेवरच, खाली बसली. "लई दुखतंय गं, लई दुखतंय."

मी तिच्यासमोर मातीत बसले आणि तो हात सोडला नाही.